काचेवरचे बोट आणि त्यामागील आज्ञावली

शासकीय कचेरीत अर्ज देणाऱ्या नागरिकाचे काम एके काळी कागदावर सही किंवा अंगठा उमटविल्यानंतर पूर्ण होत असे. कागद समोर असे, त्यावरील मजकूर कोणाकडून तरी वाचून घेता येत असे आणि सही करण्यापूर्वी हात मागे घेण्यास वाव असे. आज हेच काम पुष्कळ ठिकाणी काचेच्या एका लहानशा पडद्यावर बोट टेकवून होते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि तलाठ्याच्या दप्तरात होणारी पिकाची नोंद शेतकरी बांधावर उभा राहून, छायाचित्रासह, स्वतःच्या मोबाइलवरून करू लागला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीमुळे भाजीवाल्यापासून बँकेपर्यंतचे पैशाचे व्यवहारही बोटाच्या स्पर्शावर येऊन ठेपले आहेत.

अशा प्रसंगी बोटाच्या स्पर्शाला सहीइतकेच मोल येते. नजरचुकीने भलत्याच जागी पडलेले बोट सोयाबीनच्या जागी तुरीची नोंद करू शकते. उतावीळपणे दोनदा दाबलेले बटण एकाच देण्याची रक्कम दोनदा पाठवू शकते. हे टाळण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर थोडी आणि ॲप तयार करणाऱ्यावर पुष्कळ अधिक असते. म्हणूनच काचेवर बोट टेकल्यापासून मोबाइलने उत्तर देईपर्यंत नेमके काय घडते, हे सर्वसाधारण वाचकालाही माहीत असणे इष्ट होय.

काचेखालील जाळे

बोटाचा स्पर्श ओळखणाऱ्या पडद्याची कल्पना मोबाइलपेक्षा बरीच जुनी आहे. इंग्लंडमधील मॅल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट या संस्थेत काम करणारे ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये अशा पडद्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हवाई वाहतुकीचे नियंत्रण करणाऱ्यांना कळफलकाऐवजी पडद्यावरच बोटाने निवड करता यावी, असा त्यामागील हेतू होता. ही कल्पना सामान्य माणसाच्या खिशात येण्यास चार दशके लागली. २००७ मध्ये ॲपल कंपनीचा आयफोन आणि २००८ मध्ये अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला दूरध्वनी बाजारात आला. त्यानंतर बटणांचे दूरध्वनी मागे पडून काचेच्या पडद्याचे दूरध्वनी सर्वत्र रूढ झाले.

या पडद्याच्या काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युतवाहक रेषांचे आडवे-उभे जाळे असते. त्या रेषांच्या छेदनबिंदूंपाशी अत्यल्प विद्युतभार साठविलेला असतो. मानवी शरीर विजेचे वाहक असल्यामुळे बोट जवळ येताच त्या ठिकाणचा भार किंचित बदलतो. पडद्याला जोडलेली एक लहान चकती दर सेकंदाला अनेक वेळा सर्व जाळ्याची तपासणी करीत असते आणि भार कोठे बदलला यावरून बोटाची जागा ठरविते. बोट काही मिलिमीटर रुंद असते. परंतु या मोजमापातून शेवटी एकच बिंदू निघतो. आपण ज्या जागेला स्पर्श केला असे आपल्याला वाटते ती जागा आणि पडद्याने धरलेला बिंदू यांत त्यामुळे थोडे अंतर पडू शकते.

हे तत्त्व लक्षात घेतले म्हणजे नित्याच्या काही अडचणींचा उलगडा होतो. साध्या सुती हातमोज्यातून स्पर्श पोहोचत नाही, कारण कापड वीज वाहून नेत नाही. पावसाचे थेंब पडद्यावर साचले की पडदा स्वतःच इकडेतिकडे धावू लागतो, कारण पाणीही विद्युतभार बदलते. म्हणून शेतात, मासळी बाजारात किंवा स्वयंपाकघरात वापरावयाच्या ॲपचा विचार कचेरीतील कोरड्या हातांचा अनुभव गृहीत धरून करता येत नाही.

स्पर्शाचे चार टप्पे

पडद्याने जागा ठरविली की ती माहिती मोबाइलच्या मूळ प्रणालीकडे जाते आणि तेथून ज्या ॲपची चौकट त्या जागी उघडी आहे त्या ॲपकडे सोपविली जाते. आज्ञावलीच्या परिभाषेत अशा प्रत्येक वर्दीला ‘घटना’ म्हणतात. आपल्या दृष्टीने एकदाच बोट टेकविले असले, तरी ॲपला मात्र एकामागून एक अनेक घटना मिळतात. बोट टेकले ही पहिली घटना. बोट सरकले ही दुसरी. ती एका स्पर्शात अनेकदा येऊ शकते. बोट उचलले ही तिसरी. चौथी घटना आहे स्पर्श रद्द झाल्याची. अँड्रॉइड आणि ॲपलची आयओएस या दोन्ही प्रणालींत नावे निराळी असली तरी हे चार टप्पे समान आहेत. प्रत्येक घटनेबरोबर जागा आणि वेळ यांची नोंद असते.

चौथा टप्पा नवख्या आज्ञावलीकाराच्या लक्षातून सुटण्याचा संभव असतो. एखाद्याने बटणावर बोट ठेवले आणि ते न उचलता वर सरकविले, तर त्याला बटण दाबावयाचे नसून पान सरकवावयाचे आहे असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी बटणाला ‘रद्द’ अशी वर्दी मिळते. ती मिळताच बटणाने पूर्वस्थितीला यावे, एवढेच त्याचे काम. ‘रद्द’ आणि ‘उचलले’ यांत जर आज्ञावलीने भेद केला नाही, तर केवळ यादी चाळणाऱ्या माणसाच्या नावावर न केलेली निवड नोंदली जाईल.

एकाच वेळी दोन बोटे टेकविली तर काय, हाही प्रश्न आहे. नकाशा मोठा करून पाहताना आपण दोन बोटे वापरतो. अशा वेळी प्रणाली प्रत्येक बोटाला एक ओळख-क्रमांक देते. पहिले बोट उचलले की दुसरे यादीत पहिल्या जागी सरकते. परंतु त्याचा ओळख-क्रमांक बदलत नाही. शिधापत्रिकेच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाची जागा पुढे सरकते, पण त्याच्या हातातील बिल्ल्याचा क्रमांक तोच राहतो, तसाच हा प्रकार. आज्ञावलीने बोट ओळखताना रांगेतील जागा न पाहता बिल्ला पाहिला पाहिजे. अन्यथा नकाशा अचानक उडी मारतो आणि शेताची खूण भलत्याच गटावर पडते.

घटनांवरून हेतूचा शोध

या कच्च्या घटनांवरून माणसाच्या मनात काय होते हे ठरविणे, हा पुढील टप्पा होय. बोट टेकले आणि लगेच उचलले तर तो साधा स्पर्श. सुमारे अर्धा सेकंद तसेच ठेवले तर दीर्घ स्पर्श. सुमारे तीन दशांश सेकंदाच्या आत त्याच ठिकाणी दुसरा स्पर्श झाला तर दुहेरी स्पर्श. बोट एका मर्यादेपलीकडे सरकले तर ती सरकविण्याची क्रिया.

ही मर्यादा ठेवण्याचे कारण असे की, माणसाचे बोट कधीही पूर्णपणे स्थिर राहत नाही. टेकताना आणि उचलताना ते थोडे हलतेच. अँड्रॉइडमध्ये ही मर्यादा सर्वसाधारणपणे आठ एकक असते. एका इंचात अशी १६० एकके धरली जातात. म्हणजे ही सूट सुमारे सव्वा मिलिमीटर झाली. थरथरत्या हाताच्या वृद्ध माणसाला ती पुरेलच असे नाही. म्हणून महत्त्वाचे काम केवळ दीर्घ किंवा दुहेरी स्पर्शावर सोपवू नये, त्याला साध्या बटणाचाही पर्याय असावा, हा चांगल्या रचनेचा नियम मानला जातो.

बटणाचे काम बोट टेकताच व्हावे की उचलल्यावर व्हावे, याचेही उत्तर विचारपूर्वक ठरलेले आहे. प्रचलित पद्धतीत ते उचलल्यावर होते. चूक लक्षात आल्यास बोट न उचलता बटणाबाहेर सरकवावे आणि मग उचलावे. काम होत नाही. संकेतस्थळे सर्वांना सुलभ व्हावीत यासाठी जे आंतरराष्ट्रीय निकष ठरविण्यात आले आहेत, त्यांत २०१८ मध्ये या तत्त्वाचा समावेश झाला. कागदावर सही करण्यापूर्वी हात मागे घेण्याची जी मुभा होती, तीच येथे दुसऱ्या रूपाने जपली गेली आहे. ज्या ॲपमध्ये बोट टेकताच पैसे जातात किंवा नोंद पक्की होते, ते ॲप ही मुभा काढून घेते.

वरून खाली आणि खालून वर

मोबाइलच्या पडद्यावर जे एक पान दिसते ते प्रत्यक्षात एकात एक बसविलेल्या अनेक चौकटींचे बनलेले असते. पानात यादी, यादीत ओळ, ओळीत बटण, अशी ती उतरंड असते. बोट बटणावर टेकले की ते एकाच वेळी ओळीवर, यादीवर आणि पानावरही टेकलेले असते. मग ती घटना नेमकी कोणाची?

मंत्रालयातील टपालाची वाट ज्यांना परिचित आहे, त्यांना याचे उत्तर सहज समजेल. पत्र आवक शाखेत येते, तेथून विभागाकडे, विभागाकडून संबंधित कार्यासनाकडे उतरत जाते. वाटेत एखाद्या वरिष्ठाला ते प्रकरण स्वतःच हाताळावेसे वाटले तर तो ते आपल्याकडे ठेवू शकतो. कार्यासनाने ‘हा विषय आमचा नाही’ असा शेरा मारला तर पत्र पुन्हा वर जाते. अँड्रॉइडमध्ये घटनेचा प्रवास बराचसा असाच होतो. घटना बाहेरच्या चौकटीकडून आतल्या चौकटीकडे उतरते; बाहेरची चौकट तिला मध्येच अडवू शकते; आणि सर्वांत आतल्या चौकटीने ती स्वीकारली नाही तर ती क्रमाने वर परत येते. आयओएसमध्येही बोट कोणत्या सर्वांत आतल्या चौकटीवर पडले हे प्रथम शोधले जाते आणि तिने उत्तर दिले नाही तर घटना वरच्या चौकटींकडे चढत जाते.

या व्यवस्थेत एक कडक नियम आहे. अँड्रॉइडमध्ये ‘बोट टेकले’ ही पहिली घटना ज्या चौकटीने नाकारली, तिला त्या स्पर्शातील पुढील कोणतीही घटना मिळत नाही. पहिले पत्र परत पाठविणाऱ्या कार्यासनाकडे त्याच प्रकरणाची स्मरणपत्रे येऊ नयेत, तद्वतच हे होय. तसेच, बाहेरच्या यादीने सरकविण्यासाठी घटना मध्येच आपल्याकडे घेतली, तर आतल्या बटणाला ‘रद्द’ अशी वर्दी पाठविली जाते. ‘बटण दाबले तरी चालत नाही’ किंवा ‘पान सरकतच नाही’ अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा या ठिकाणी सापडते. दोन चौकटींपैकी एकीने नको ती घटना धरून ठेवलेली असते किंवा हवी ती सोडून दिलेली असते.

एकच खिडकी, एकच कारकून

घटना योग्य चौकटीपर्यंत पोहोचली तरी उत्तर तत्काळ मिळेलच असे नाही. प्रत्येक ॲपमध्ये पडदा रंगविण्याचे आणि स्पर्शांना उत्तर देण्याचे काम एकाच कार्यधारेकडे असते. तिला मुख्य धारा म्हणतात. एकच खिडकी आणि तिच्यामागे एकच कारकून, असे तिचे स्वरूप असते. आलेल्या घटना रांगेत उभ्या राहतात आणि एकामागून एक निकालात निघतात.

सर्वसाधारण पडदा दर सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगविला जातो. म्हणजे प्रत्येक वेळी या कारकुनाला सुमारे १६ सहस्रांश सेकंद मिळतात. एवढ्या अवधीत काम संपले नाही तर पडदा अडखळतो. आज्ञावलीकाराने छायाचित्र पाठविण्याचे किंवा दूरच्या संगणकाकडून माहिती आणण्याचे काम याच धारेवर सोपविले, तर खिडकी बंद करून कारकून अभिलेख कक्षात गेल्यासारखी स्थिती होते. बाहेर रांग वाढत राहते. अँड्रॉइडमध्ये स्पर्शाला पाच सेकंदांत उत्तर मिळाले नाही, तर ‘हे ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी सूचना प्रणाली स्वतःच दाखविते. म्हणून वेळखाऊ कामे स्वतंत्र धारेवर पाठवावीत आणि मुख्य धारेने ‘काम चालू आहे’ एवढे तरी तत्काळ सांगावे, असा नियम आहे.

हा नियम न पाळल्यास होणारे नुकसान केवळ वेळेचे नसते. बटण दाबूनही काहीच न घडल्याचे पाहून माणूस ते पुन्हा दाबतो. रांगेत उभा असलेला पहिला स्पर्श आणि त्यामागून आलेला दुसरा स्पर्श हे दोन्ही पुढे यथावकाश निकालात निघतात आणि एका अर्जाचे दोन अर्ज होतात. यावर पहिला उपाय म्हणजे पहिल्या स्पर्शाबरोबरच बटण निष्क्रिय करणे. परंतु तेवढ्याने भागत नाही. ग्रामीण भागात संपर्क मध्येच तुटतो. अर्ज पोहोचलेला असतो, पोच मात्र परत आलेली नसते; आणि ॲप किंवा नागरिक तोच अर्ज पुन्हा पाठवितो.

यावरील खरा उपाय जुन्या आवक-जावक नोंदवहीतच आहे. अर्ज भरण्यास सुरुवात होताच ॲपने त्याला एक स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि प्रत्येक वेळी त्याच क्रमांकासह अर्ज पाठवावा. स्वीकारणाऱ्या संगणकाने तो क्रमांक पूर्वी आला आहे काय हे पाहावे. आलेला असल्यास नवी नोंद न करता जुनीच पोच परत द्यावी. असे केले म्हणजे अर्ज दहा वेळा पाठविला गेला तरी नोंद एकच राहते. बोटाच्या चुकीचे निवारण अशा रीतीने पडद्यापासून कित्येक मैल दूर असलेल्या संगणकावर करावे लागते.

अपुरा राहिलेला अर्ज ही आणखी एक बाब. अर्ज भरत असताना छायाचित्र घेण्यासाठी कॅमेरा उघडला, तर कमी स्मृतिक्षमतेच्या स्वस्त मोबाइलमध्ये प्रणाली मागचे ॲप बंद करू शकते. मोबाइल आडवा केला तरी अँड्रॉइडमध्ये मूळ पान सामान्यतः मोडून नव्याने उभारले जाते. भरलेली माहिती आज्ञावलीने वेळोवेळी जतन केली नसेल तर ती सर्व नाहीशी होते आणि उन्हात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला पुन्हा पहिल्या रकान्यापासून सुरुवात करावी लागते.

मराठी अक्षरांची वाट

वापरणाऱ्याकडून येणारी माहिती केवळ स्पर्शाच्या रूपाने येत नाही, ती अक्षरांच्या रूपानेही येते. मोबाइलवरील कळफलक हे वस्तुतः एक स्वतंत्र ॲप असते. ते आपल्याला आलेले स्पर्श अक्षरांत बदलते आणि ती अक्षरे मूळ ॲपच्या रकान्यात लिहिते. ‘अमुक कळ दाबली’ अशी वर्दी मूळ ॲपला प्रत्येक वेळी मिळेलच, अशी हमी नसते. शब्द पूर्ण होईपर्यंत कळफलक त्याचे कच्चे रूप दाखवितो, ते बदलत राहतो आणि शेवटी पक्के करतो. रोमन अक्षरांत लिहून देवनागरी मिळविण्याच्या पद्धतीत तर हा बदल डोळ्यांना स्पष्ट दिसतो. प्रत्येक कळ मोजून तपासणी करणारी आज्ञावली येथे फसते. रकान्यातील पक्का झालेला मजकूर तपासणे हाच योग्य मार्ग ठरतो.

मराठीच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावी लागते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचणाऱ्याला ज्ञा, ने, श्व, र असे चार अक्षरांचे दिसते. युनिकोड या संकेतपद्धतीत मात्र ते दहा चिन्हांनी लिहिले जाते. कारण व्यंजन, पाय मोडल्याचे चिन्ह आणि मात्रा यांना प्रत्येकी स्वतंत्र स्थान आहे. नावासाठी वीस चिन्हांची मर्यादा इंग्रजीच्या हिशेबाने ठरविली, तर जोडाक्षरे असलेले मराठी नाव मध्येच तुटते. ‘कऱ्हाडे’ या आडनावातील ‘ऱ’ला युनिकोडमध्ये ‘र’हून वेगळे स्थान आहे. ‘ॲ’ या अक्षराला तर २००८ मध्ये स्थान मिळाले. केवळ हिंदीत वापरली जाणारी अक्षरेच ग्राह्य धरणारी तपासणी अशा नावांना ‘अवैध’ ठरवील. स्वतःचे नाव स्वतःच्या भाषेत लिहूनही ते नाकारले जावे, हे नागरिकाला अपमानास्पद वाटल्यास नवल नाही.

अंकांचेही तसेच आहे. शेतकऱ्याने क्षेत्र ‘१’ असे देवनागरीत लिहिले आणि आज्ञावली केवळ इंग्रजी अंकच ओळखत असेल, तर योग्य उत्तर चुकीचे ठरते. क्षेत्राच्या रकान्यात धोका याहून मोठा आहे. शंभर आरांचे एक हेक्टर होते. एक हेक्टर दोन आर क्षेत्र असलेल्या शेतकऱ्याने ‘१.२’ असे लिहिले, तर दशांश पद्धतीने त्याचा अर्थ एक हेक्टर वीस आर असा होतो. अठरा आरांचा हा फरक पुढे पीक कर्ज, विमा किंवा नुकसानभरपाई यांपर्यंत पोहोचू शकतो. हेक्टर आणि आर यांचे रकाने वेगळे ठेवणे आणि नोंद पक्की करण्यापूर्वी ‘एक हेक्टर दोन आर’ असे शब्दांत दाखविणे, हा त्यावरील साधा आणि परिणामकारक उपाय होय.

सर्वांच्या बोटांसाठी

बटण किती मोठे असावे याचेही संकेत आहेत. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार स्पर्शाची जागा किमान ४८ एकके लांब-रुंद असावी. ॲपलने ४४ एककांचे प्रमाण दिले आहे. प्रत्यक्ष काचेवर ही जागा साधारणतः सात ते दहा मिलिमीटर भरते. ‘जतन करा’ आणि ‘काढून टाका’ ही बटणे एकमेकांस खेटून ठेवू नयेत, हे सांगण्यासाठी मात्र मोजपट्टीची आवश्यकता नाही.

दृष्टिहीन व्यक्तीही काचेचा सपाट पडदा वापरतात, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. त्यांच्यासाठी अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर ही वाचक-साधने आहेत. ती चालू असताना एका स्पर्शाने बटणाचे नाव ऐकू येते आणि दुहेरी स्पर्शाने ते बटण दाबले जाते. म्हणजेच त्याच काचेवर स्पर्शाचा अर्थ बदलतो. बटणाला नाव दिलेले नसेल, किंवा आज्ञावली प्रणालीकडून येणारी ‘बटण दाबले’ ही वर्दी सोडून केवळ कच्च्या घटनाच पाहत असेल, तर दृष्टिहीन नागरिकाला ते ॲप बंद दारासारखे असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये माहिती व संपर्क साधने सुगम असणे अपेक्षित आहे. त्यामुळे ही बाब सौजन्याची न राहता हक्काची झाली आहे.

झाकलेले बटण

स्पर्शाचा दुरुपयोगही होतो. एक ॲप दुसऱ्या ॲपवर आपली चौकट पसरवू शकते. अशी चौकट फसवी असेल, तर माणसाला वरचे ‘बक्षीस मिळवा’ हे बटण दिसते आणि त्याचे बोट प्रत्यक्षात खालील ‘परवानगी द्या’ या बटणावर पडते. बोट खरे, हेतू मात्र चोरलेला. यावर उपाय म्हणून अँड्रॉइडमध्ये आपल्यावर दुसरी चौकट पसरली असताना आलेला स्पर्श नाकारण्याची सोय आज्ञावलीकाराला उपलब्ध आहे. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून असे अनेक संशयास्पद स्पर्श प्रणाली स्वतःच अडविते. तरीही अनोळखी ठिकाणाहून ॲप न घेणे आणि ‘इतर ॲपवर दिसण्याची’ परवानगी विचारपूर्वक देणे, ही दक्षता नागरिकांनी घेतलीच पाहिजे.

कसोटी कोठे घ्यावी

या सर्व विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ॲपची कसोटी ते तयार करणाऱ्याच्या मेजावर पूर्ण होत नाही. जे अधिकारी एखादे ॲप जनतेसाठी स्वीकारतात, त्यांनी ते काही साध्या परीक्षांतून जाऊ द्यावे. ओल्या बोटाने ते वापरून पाहावे. सर्वांत स्वस्त मोबाइलवर, मध्येच छायाचित्र घेऊन, भरलेली माहिती शिल्लक राहते काय हे पाहावे. संपर्क तोडून ‘पाठवा’ हे बटण दोनदा दाबावे आणि नोंदी मोजाव्यात. मराठी कळफलकावरून जोडाक्षरांचे नाव आणि देवनागरी अंक लिहावेत. वाचक-साधन चालू करून, डोळे मिटून, एक अर्ज शेवटपर्यंत भरावा. यांपैकी कोणतीही परीक्षा खर्चिक नाही.

नागरिकांनीही दोन सवयी लावून घ्याव्यात. महत्त्वाचे बटण दाबल्यावर काही क्षण थांबावे. आणि पोच क्रमांक मिळाल्याखेरीज काम झाले असे समजू नये. उत्तर न आल्यास घाईने पुन्हा बटण दाबण्यापूर्वी आधीची नोंद वा व्यवहार झाला आहे काय, हे त्याच ॲपमधील यादीत पाहावे.

कागदावरील अर्ज हाताळणाऱ्या यंत्रणेने आवक क्रमांक, पोच, साक्षीदार आणि वाचून दाखविण्याची पद्धत हे सर्व दीर्घ अनुभवातून निर्माण केले होते. माणूस चुकतो, घाई करतो आणि कधी कधी फसविला जातो, हे त्या यंत्रणेने गृहीत धरले होते. काचेच्या पडद्यामागील आज्ञावलीनेही तेच गृहीत धरून चालले पाहिजे. तसे झाले म्हणजे बांधावरील शेतकऱ्याच्या बोटाला त्याच्या सहीइतकाच विश्वास आणि तेवढेच संरक्षण लाभेल.